दोरीचा मल्लखांब यादीत नाही

२०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये मी बँकेतून अकरा दिवस रजा टाकली. त्यातली एकही आजारपणाची नव्हती, एकही लग्नकार्याची नव्हती. लेकीचा पदवीचा प्रवेश खेळाडू कोट्यात अडकला होता, तो सोडवायला गेल्या सगळ्या. त्या दिवसांत रात्री दोन दोन वाजेपर्यंत मी मोबाइलवर शोधत बसायचे, असं आणखी कुणाचं झालंय का, कुणी लिहिलंय का. निकालपत्रं सापडायची, माणसं सापडायची नाहीत. म्हणून हे लिहितेय. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. लेक आता तिथेच शिकते आणि तिला तिथे अजून काही वर्षं काढायचीत.

लेक आठव्या वर्षापासून दोरीचा मल्लखांब करते. पुरलेल्या खांबाला एरंडेल लागतं, त्याचा वास कपड्यांतून जात नाही. दोरीला तसलं काही नाही, पण पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे दोर धरून धरून तिथे एक घट्टा झालाय, तो दहा वर्षांत गेलेला नाही. शालेय स्पर्धांत ती विभागापर्यंत गेली. राज्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेत तिच्या संघाला तिसरा क्रमांक मिळाला, ती अकरावीत असताना. आमच्या सगळ्या कथेचा जीव त्या एका प्रमाणपत्रात आहे.

५ मेला बारावीचा निकाल लागला. ७१ टक्के. पेढे आणले, शेजारच्या काकू ‘बरे आहेत गं’ म्हणाल्या. तिला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचं होतं आणि तेही याच कॉलेजात, कारण तिथून तालीम चालत सात मिनिटांवर. आम्ही राहतो धायरीला. सिंहगड रोडची संध्याकाळ ज्यांनी पाहिलीय त्यांना हे सात मिनिटांचं महत्त्व सांगायला नको. खुल्या यादीत तिथे ७१ ला कोणी विचारत नाही. राहिला खेळाडू कोटा. जागा चार.

२ जूनला अर्ज भरला. माहितीपुस्तिकेत पात्रतेचं वाक्य होतं: मागील तीन शैक्षणिक वर्षांत मान्यताप्राप्त खेळात किमान राज्यस्तरीय स्पर्धेत सहभाग, मान्यताप्राप्त खेळ म्हणजे केंद्र शासनाच्या यादीतील खेळ, पाहा परिशिष्ट क. मी परिशिष्ट क पाहिलं नाही. खरं सांगते, उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मल्लखांब महाराष्ट्रात मान्य नसेल असं मनातच आलं नाही. बोर्डाने बारावीला त्याच मल्लखांबाचे सवलतीचे गुण दिले होते, आणखी कसली मान्यता हवी?

इथेच आमचा पहिला गोंधळ. खेळाडूंसाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि पालक त्यांची भेळ करतात. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण एक. राज्य शासनाच्या नोकरीतलं ५ टक्के आरक्षण दुसरं, त्याच्या प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभाग करतो. आणि कॉलेज प्रवेशाचा कोटा तिसरा. तिन्हींचे नियम वेगळे, तिन्हींच्या याद्या वेगळ्या. एकीकडे चाललेलं प्रमाणपत्र दुसरीकडे चालेलच असं नाही. मी नंतर एक अख्खा दिवस बालेवाडीच्या क्रीडा संकुलात घालवला तो केवळ हे न कळल्यामुळे. तिथल्या पडताळणीचा आमच्या प्रवेशाशी काही संबंध नव्हता.

१६ जूनला कागदपत्रं तपासायला बोलावलं. तपासणाऱ्या सरांनी खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही. नावाबद्दल मात्र काढला. प्रमाणपत्रावर नाव आणि आडनाव एवढंच, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव. ‘प्रतिज्ञापत्र आणा.’ मी स्टॅम्पवाल्याकडे गेले, त्याने पाचशेचा कागद पुढे केला. शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ, हे महसूलमंत्र्यांनी मार्चमध्येच जाहीर केलेलं, मी स्वतः पेपरात वाचलेलं. तरी रांगेत मागचा माणूस ‘मॅडम, आटपा’ म्हणाला आणि मी मुकाट पाचशे काढून दिले. तुम्ही देऊ नका. साधा कागद चालतो का हे आधी विचारा.

२० जून, शुक्रवार. माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात येण्याचा दिवस. लेक तालमीतल्या मुलांबरोबर वारकऱ्यांना चहा वाटायला गेली होती, मी बँकेत. पावणेपाचला तिचा फोन. मागे टाळ-मृदंग, मला आधी काही ऐकूच येईना. ‘आई, यादी लागली. माझं नाव अपात्रमध्ये आहे.’ शेरा होता: ‘खेळ मान्य यादीत नाही.’ रस्ते बंद, रिक्षा नाही. ती मला भेटायला चालत निघाली आणि मी तिला भेटायला. रात्री साडेआठला भेटलो. तिच्या हातात अजून चहाची किटली होती.

परिशिष्ट क त्या रात्री पहिल्यांदा उघडलं. ४३ खेळ. मल्लखांब खरंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो. सरांनी परिशिष्टावर नुसती नजर टाकली. ‘ही यादी जुनी आहे हो.’ केंद्राच्या कार्मिक विभागाची ही यादी मुळात केंद्र सरकारच्या नोकरभरतीसाठीची, कॉलेजने ती उसनी घेतलेली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिच्यात वीस खेळांची भर पडली आणि ४३ चे ६३ झाले. मल्लखांब त्या विसांत आहे. रस्सीखेच आहे, आपल्या पुण्यातच जन्मलेला रोलबॉल आहे. म्हणजे पुस्तिकेतलं वाक्य म्हणत होतं ‘केंद्र शासनाच्या यादीतील खेळ’, आणि पुस्तिकेला जोडलेली यादी पाच वर्षांपूर्वी शिळी झालेली. कुणीतरी वर्षानुवर्षं तेच पान पुढच्या पुस्तिकेत चिकटवत आलं होतं. यात कुणाचा काही डाव होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण चूक दाखवून दिल्यावर पुढे जे झालं त्याचा राग अजून आहे.

२३ जूनला प्राचार्यांच्या नावे अर्ज घेऊन गेले. सोबत केंद्राचं परिपत्रक, जुनी यादी, नवी यादी. आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारायला तयार होईनात. ‘मेल करा मॅडम, आता सगळं ऑनलाइन आहे.’ मी बँकेतली. चौदा वर्षं मीच लोकांना पोच देतेय, त्यामुळे पोच न घेता खिडकी सोडणं माझ्या रक्तात नाही. वीस मिनिटं उभी राहिले. मागे रांग वाढली, तेव्हा शिक्का बसला. आवक क्रमांक, तारीख, सही. मेलही केला, त्याच दिवशी, तेच कागद जोडून. पुढे उच्च न्यायालयात आमच्या याचिकेला जोडलेला पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे हा शिक्का. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी घरी येऊन त्याच संध्याकाळी ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ असा दोन ओळींचा मेल टाकायचा, ही सवय तेव्हा लागली.

२७ ला तोंडी उत्तर मिळालं. ‘कमिटीने ठरवलंय, आता बदलता येत नाही.’ लेखी मागितलं, दिलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा असं नवऱ्याचं मत. दहा रुपयांत होतो हे खरं, पण उत्तराला तीस दिवस, आणि तीस दिवसांत प्रवेश आटोपतात. त्याऐवजी एका मैत्रिणीने दुसराच रस्ता दाखवला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम आहेत. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो मान्य नसेल तर पंधरा दिवसांत लोकपालांकडे (विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेले, भ्रष्टाचारवाले नव्हेत) अपील, आणि लोकपालांनी तीस दिवसांत निर्णय द्यायचा. मुख्य म्हणजे ‘विद्यार्थी’ या शब्दात प्रवेश घेऊ पाहणाराही येतो. जाहीर केलेल्या धोरणानुसार जो प्रवेश द्यायला हवा तो नाकारणं ही तक्रार म्हणून तिथे चक्क लिहिलेली आहे. ३० जूनला तक्रार टाकली, पोर्टलवरही आणि कागदावरही. पोर्टलवरून आलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवला. बरं केलं, कारण आठवड्याने तो स्क्रीनवर दिसेनासा झाला.

मधल्या काळात दुसऱ्या एका कॉलेजात प्रवेश घेऊन टाकला. फी ९,८०० रुपये. भांडण जिंकूच या भरवशावर मुलीला घरी बसवायचं नाही, हे आम्ही तिघांनी ठरवलं होतं. पण तिथे एक फसगत झाली: शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यांनी ठेवून घेतला. तो एकच असतो. जमा करण्याआधी त्याच्या चांगल्या रंगीत प्रती आणि पोच, दोन्ही घ्या.

१४ जुलैला समितीपुढे सुनावणी. लांब टेबल, पाच प्राध्यापक, आम्हाला टेबलाच्या टोकाला दोन खुर्च्या. मी परिपत्रक पुढे केलं. ते कुणी वाचलं नाही, एकमेकांकडे सरकवलं. ‘मल्लखांब ऑलिंपिकमध्ये कुठाय?’ एक जण म्हणाले. तसं पाहिलं तर त्यांच्या स्वतःच्या ४३ मध्ये ऑलिंपिकमध्ये नसलेले खेळ होते, कबड्डी होती, खो-खो होता. मी तसं म्हटलं. शांतता. मग दुसरे म्हणाले, ‘मॅडम, ७१ टक्के आहेत हो. इथली मुलं नव्वदची. हिला झेपेल का?’ लेक तोवर गप्प होती. त्या पाचांतल्या एकमेव बाईंनी तिला विचारलं, ‘दोर हाताने धरतेस की पायाने?’ ती म्हणाली, ‘दोन्हीने, पण भार पायाच्या बोटांत.’ आणि तिने चप्पल काढून अंगठ्याजवळचा तो घट्टा दाखवला. बाईंनी वाकून पाहिला, ‘दुखतं का?’ ‘आता नाही.’ त्या पाऊण तासात आमच्याशी माणसासारखं झालेलं बोलणं ते एवढंच.

१८ जुलैला अहवाल आला. तक्रार फेटाळली. कारणं दोन. खेळ यादीत नाही, हे जुनं. आणि दुसरं कोरं करकरीत: प्रमाणपत्र शालेय स्पर्धेचं नसून संघटनेच्या स्पर्धेचं आहे, ते ग्राह्य नाही. पुस्तिकेत ‘शालेय’ हा शब्द कुठेही नव्हता. जूनच्या शेऱ्यातही नव्हता. ते पान हातात घेऊन मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. रडले वगैरे नाही. कुकरच्या शिट्या मोजायच्या विसरले आणि डाळ करपली.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी उच्च न्यायालयात वकिली करते. २१ तारखेला तिच्याशी बोललो. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, मी अहो-जाहो करत होते आणि ती मला काकू म्हणत होती. तिने सगळे कागद तारखेने लावून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘काकू, समितीचं दुसरं कारण पहिल्या यादीत होतं?’ नव्हतं. ‘मग छान.’ मोहिंदर सिंग गिल हा डिसेंबर १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तिने सांगितलं. सरकारी किंवा वैधानिक अधिकाऱ्याने निर्णय देताना जी कारणं लिहिली, त्यांवरच तो टिकायचा किंवा पडायचा. मागाहून नवी कारणं जोडून त्याला टेकू देता येत नाही. आमचं कॉलेज अनुदानित, तेव्हा हाच न्याय इथे लागतो असं ती मांडणार होती. ७१ टक्क्यांच्या टोमण्यावर तिच्याकडे देव गुप्ता निकाल होता, ऑगस्ट २०२३ चा. चंदीगडच्या पेक या अभियांत्रिकी संस्थेने खेळाडू कोट्याला बारावीत किमान ७५ टक्क्यांची अट घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कोटा आहे तो खेळाला उत्तेजन म्हणून, अभ्यासातली हुशारी मोजायला नव्हे, असा त्याचा आशय.

मग तिने पाणीही घातलं. ‘कोर्ट तुम्हाला थेट प्रवेश देईल असं मनात आणू नका. पात्रता ठरवणं कॉलेजचं काम आहे असं म्हणतील. नीट ठरवलं की नाही, एवढंच बघतील.’ आणि लोकपालांकडे जायची सोय असताना इथे का आलात, हा प्रश्न येणारच. म्हणून त्याच दिवशी लोकपालांकडे अपील मेलने टाकलं आणि याचिकेत लिहिलं की तीस दिवस थांबलं तर जागाच उरणार नाही. उशीर मात्र अजिबात नको म्हणाली. प्रवेशाच्या प्रकरणांत कोर्ट आधी तारखा बघतं, तुम्ही कळल्याबरोबर धावलात की झोपलात. आमच्याकडे २० जूनपासूनचा प्रत्येक आठवडा कागदावर होता.

तिची फी ४०,००० रुपये, सरांमुळे कमी केलेली. झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, कोर्ट फी मिळून आणखी सहा हजारांच्या घरात. हे सगळं होऊन गेल्यावर मला कळलं की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींनाही. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, उच्च न्यायालयासाठी मुंबईत वेगळी समिती आहे. आमची वकील फारच चांगली होती, पैशाचं दुःख नाही. पण ज्यांना चाळीस हजार उभे करणं अशक्य आहे त्यांनी तिथे आधी विचारावं.

कागद तयार करताना एक गंमत झाली. लेकीला अठरा पूर्ण व्हायला सात आठवडे कमी होते, त्यामुळे याचिका तिच्या वतीने माझ्या नावाने. जुन्या मराठी कोर्टी कागदांत अल्पवयीनाला ‘अज्ञान’ म्हणतात आणि पालकाला ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नोटरीच्या मसुद्यात तेच होतं. तिने वाचलं. ‘आई, मी अज्ञान?’ ‘सरकारी कागदात.’ ‘आणि तू पालनकर्ती?’ त्या दोन महिन्यांत ती मोकळेपणी हसली ती तेव्हा. नंतर आठवडाभर भांडी घासायला सांगितली की उत्तर यायचं, ‘मी अज्ञान आहे.’

उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत, त्यामुळे मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. पुस्तिकेची पानं, माझे अर्ज, समितीचा अहवाल, सगळं. कच्चं भाषांतर मी रात्री बसून केलं, वकिलीणबाईंनी तपासलं. ‘सलामी’, ‘अढी’ असले मल्लखांबातले शब्द प्रमाणपत्रावर नव्हते म्हणून वाचले. जेवढं स्वतः कराल तेवढे पैसे वाचतात आणि स्वतःचं प्रकरण पाठ होतं, हा दुसरा फायदा.

२५ जुलैला ई-फायलिंग झालं. मला वाटलं आता तारीख. नाही. आधी कार्यालयाचे आक्षेप येतात: पान ४१ अस्पष्ट, क्रमांक चुकले, समास कमी. ते दूर करायला २९ तारीख उजाडली. मग तातडीने बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्या म्हणून वकिलाने वेगळा अर्ज द्यायचा. ४ ऑगस्ट मिळाली.

पुण्याहून सिंहगड एक्स्प्रेस सकाळी सहा पाचला. सीएसएमटीला उतरून चालत उच्च न्यायालयात. अडतिसावा क्रमांक. सुनावणी कुठल्या क्रमांकावर आली ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिसतं, त्यामुळे दाराशी ताटकळायची गरज नसते. पण आपल्याच्याने राहवत नाही. दीड ते अडीच सुट्टी, तेव्हा डबा खाल्ला. साडेचारला कोर्ट उठलं, क्रमांक तेहतीस. चौतीस ते शेवटपर्यंत सगळे परत. फाइलसकट पाच दहाची डेक्कन क्वीन पकडली. लोणावळा गेल्यावर लेक म्हणाली, ‘मी सहा तास लाकडी बाकावर बसले, ह्यालाही गुण असायला हवेत.’ (कोल्हापूरला त्याच महिन्यात सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूरच्या लोकांची मुंबई सुटली. पुणेकरांची नाही.)

६ ऑगस्टला पुन्हा तेच, यावेळी अकराव्या क्रमांकावर. एकूण सहा मिनिटं. कॉलेजच्या वकिलांनी वेळ मागितला. न्यायमूर्तींनी विचारलं, जागा आहे का? उत्तर आलं, चारपैकी एक नुकतीच रिकामी झालीय, त्या मुलाने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, आता प्रतीक्षा यादीतल्याला देणार. आदेश: ती जागा पुढच्या तारखेपर्यंत भरू नका. बाहेर आल्यावर मला पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागलं.

१२ ऑगस्टला कॉलेजच्या वकिलांनीच सांगितलं, आम्ही पुन्हा विचार करायला तयार आहोत. न्यायालयाने याचिका निकाली काढली: विद्यार्थिनीला सुनावणी द्या, सुधारित यादी लक्षात घ्या, सात दिवसांत सकारण लेखी निर्णय द्या, तोवर जागा राखा. आम्ही बरोबर की कॉलेज, यावर न्यायालयाने काहीच म्हटलं नाही. वकिलीणबाईंनी सांगितलं होतं तसंच. लोकपालांकडचं अपील मागे घेतलं.

१८ ऑगस्टला कॉलेजात सुनावणी. धो धो पाऊस. कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर माझ्यासारखीच प्लॅस्टिकची फाइल. ‘तुमचंही खेळाडूंचंच का?’ त्यांनी विचारलं. त्यांचा मुलगा जुडो खेळतो. प्रतीक्षा यादीत पहिला. ‘दर दोन दिवसांनी फोन करते हो. कुणीतरी कोर्टात गेलंय म्हणतात, त्यामुळे अडकलंय.’ मी हं म्हटलं. त्यांना कसलासा फॉर्म भरायचा होता, पेन मागितलं, दिलं. त्यांचा राग कुणावर आहे ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. तेवढ्यात आत बोलावलं.

आत यावेळी दहा मिनिटं लागली. परिपत्रक वाचलं गेलं.

२० ला निर्णय: खेळ पात्र, प्रमाणपत्र पात्र. गुणांकनात लेक पाचवी. म्हणजे जूनमध्येच पात्र ठरवलं असतं तरी पहिल्या चारांत ती नव्हतीच. प्रतीक्षेत पहिली असती आणि ती जागा रिकामी होईपर्यंत थांबली असती, इतकंच. हे कळल्यावर नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पण त्या शेऱ्याचं काय?’

२२ ऑगस्टला फी भरली. लेकीने मोजलं, २० जूनपासून ६३ दिवस, यादीत खेळ आहेत तितकेच. तासिका १४ जुलैपासून सुरू झालेल्या, हजेरीचा अर्ज वेगळा करावा लागला. पहिल्या कॉलेजातून दाखला मिळायला गणपती उजाडले. फी अर्धीच परत आली, कारण प्रवेशाची मुदत संपून पंधरा दिवस उलटले की आयोगाच्या २०१८ च्या तक्त्याप्रमाणे निम्मी मिळते, आणि तीस उलटले की काहीच नाही. तारीख बघून रद्द करा.

सुधारित यादी अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. चौथ्या ओळीत लेक. खाली प्रतीक्षा एक, त्या मुलाचं नाव, जूनमध्ये होतं तिथेच. त्याला पुढे कुठे मिळालं ते मी विचारलं नाही. त्यांचा नंबर घ्यायचं सुचलं नाही, की घ्यावासा वाटला नाही, यातलं नक्की काय ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.